खिडकीजवळची खाट

"माह्या पोराले जित्तं कर."

मानीबाईने मुठीतला पेपरचा तुकडा जब्बारच्या समोर, नुकत्याच पिंजलेल्या कापसावर फेकला. घाटंजीच्या बाजाराचा दिवस. बाहेर मिरच्यांच्या पोत्यांवरून दोन माणसं भांडत होती, ती मानीबाईचा आवाज ऐकून भांडायची थांबली. जब्बारच्या हातातली पिंजायची कमान थांबली. कमानीला ताणून बांधलेल्या तातीचा आवाज मात्र दुकानात थोडा वेळ फिरत राहिला, बाहेर जायची वाट सापडत नसल्यासारखा.

मी माझ्या नेहमीच्या जागी होतो, कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगावर. या ढिगाबद्दल शेवटी बोलायचं आहे, तेव्हा तो लक्षात ठेवा.

"बसा तं खरं, मानीमाय," जब्बार म्हणाला.

"बसाले नाई आली मी. तुह्या पेपरानं मारलं, आता तूच जित्तं कर."

"पेपर माहा नाई जी."

"खाली लिवलं हाय ना, आमच्या वार्ताहराकडून? शाळेच्या मास्तरनं वाचून दाखोलं. मी म्हनलं, वार्ताहर म्हंजे कोन रे बाप्पा? तो म्हने, वार्ताहर म्हंजे जब्बार गादीवाला."

जब्बार गादीवाला हे खरं, आणि वार्ताहर हेही खरं. बापजाद्यांचा धंदा कापूस पिंजायचा. तयार गाद्या आल्या आणि धंदा अर्धा झाला. उरलेल्या वेळात तो यवतमाळच्या एका पेपरला घाटंजी तालुक्याच्या बातम्या पाठवायचा. बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. मोबदला म्हणजे एक ओळखपत्र आणि दिवाळीला एक डायरी.

ते वर्ष कपाशीला फार वाईट गेलं. झाडं मात्र अशी वाढली होती की विचारू नका. मी स्वतः एका पऱ्हाटीवर चढून पलीकडच्या बांधावरची हरवलेली म्हैस शोधून दिली आहे. पण बोंडं आतून पोखरलेली. अळी मरेना म्हणून लोक औषधात औषध मिसळून फवारत. माणसापेक्षा कपाशी उंच, त्यामुळे फवारलेलं औषध वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच तोंडावर परत यायचं. एकेक मजूर धडपडत घरी येई, डोळ्यापुढे अंधार, तोंडाला फेस. मग यवतमाळचा मोठा दवाखाना.

जब्बार तिथे जायचा. संपादकाचा निरोप ठरलेला असे: कोणी गेला तर कळवा. म्हणून जब्बार वॉर्डात शिरला की बाया नवऱ्यांच्या तोंडावर पदर ओढायच्या. "पेनवाला आला," म्हणायच्या, जसा काही यमाच्या हापिसातला कारकून. एकीने तर त्याच्या खिशातला पेन काढून संडासात टाकला होता.

हे त्याने एकदा दुकानात सांगितलं, तेव्हा सदाशिवराव गादी भरून घ्यायला आले होते. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "जब्बारमियाँ, दीडशे वर्षांमागं अमेरिकेत घरातल्या घरात मोठी लढाई झाली. तिथला एक कवी होता, दाढीवाला. पेपरातही लिहायचा. तो दवाखान्यात जखमी सोल्जरांच्या उशाशी बसायचा. कोणाला फळ न्यायचा, कोणाला कागद. ज्याचा हात तुटला त्याचं पत्र लिहून द्यायचा. अन् पोरगा मेला तर त्याच्या मायबापाला लिहायचा, तुमचा पोरगा शेवटी कसा होता."

"शेवटी कसा होता," जब्बार पुटपुटला.

"त्याच लढाईत तिकडचा कापूस अडला अन् आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला."

"हे खरं आहे," मी म्हणालो. "आमच्या खापरपणज्यानं तेव्हा गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. रात्री गाडी निघाली की चमक पाहून गावोगावचे कोंबडे आरवायचे. लढाई थांबली, धावा उतरल्या, कोंबडे गप झाले."

सदाशिवराव हसले. "अन् हा कवी काही कमी नव्हता बरं. स्वतःचं पुस्तक निघालं तेव्हा नाव न टाकता पेपरात स्वतःच त्याची तारीफ छापली."

जब्बार पहिल्यांदा मोठ्याने हसला. मी तेवढ्यात ठोकून दिलं की त्या लढाईतला एक गोरा सोल्जर, ज्याचं पत्र लिहायचं राहून गेलं, तो कापसाचा वास काढत घाटंजीत आला आहे आणि दुपारी याच ढिगावर येऊन बसतो. जब्बारने ढिगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काका, अशी मस्करी नका करू," म्हणाला.

त्या आठवड्यापासून तो वॉर्डात पेनाबरोबर संत्री आणि पोस्टकार्डंही नेऊ लागला. बायांनी पदर ओढणं सोडलं. मानीबाईच्या लेकाचं, लखनचं कार्ड त्यानेच लिहून दिलं होतं, बायकोच्या नावाने: अंजू, गोऱ्ह्याले पाणी दाखवत जाय, माह्यासाठी रडू नको, रडायचंच असंल तं मी आल्यावर रड.

आता चूक कशी झाली ती ऐका. वार्ताहरांची एक रीत असते. माणूस फार अत्यवस्थ असेल तर त्याची बातमी आधीच लिहून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी बस चुकत नाही. लखनची लिहून ठेवलेली होती. खिडकीजवळची खाट. एका दुपारी वॉर्डातल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, "जब्बारभाई, तो खिडकीजवळचा गेला." बस स्टँडवर लागलेली होती. जब्बारने पाकीट दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपर लखनच्या तांड्यावर, बंजाऱ्यांच्या वस्तीवर पोचला. तिथे फोनला रेंज नाही. बाप रूपसिंग लखनजवळ यवतमाळला. तांड्याला वाटलं, प्रेत चिरफाडीला अडकलं असेल. बायांनी गळा काढला. अंजूच्या बांगड्या फुटल्या. सगळ्या तांड्याने आंघोळ केली. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीतून रूपसिंग उतरला, आणि त्याच्या मागे काळा चष्मा लावून, हात पुढे करून चाचपडत, लखन.

"पोरं वरडत पयाले," मानीबाई सांगत होती. "मी म्हनलं माहा लेक हाय, घरात घेतो. तं नायक आडवा आला."

नायक म्हणजे देवसिंग, तांड्याचा म्होरक्या. असा काही रिवाज नव्हता. पण असं आजवर घडलंच नव्हतं, तेव्हा रिवाज कुठून असणार? त्याने तिथल्या तिथे घडवला.

"काय म्हनला तो?" जब्बारने विचारलं.

"म्हने, तांड्यानं रडून घेतलं, न्हाऊन घेतलं. आता पेपर म्हंते मेला, रूपसिंग म्हंते जित्ता. रूपसिंग बाप हाय, बाप तं मेलेल्यालेही जित्ताच म्हनन. पेपराचा लखन कोनीच लागत नाई. पेपरानं मारला, पेपरानंच जित्ता म्हनलं पायजे. तंवर उंबऱ्याच्या आत नाई." तिने कापसावरचा पेपरचा तुकडा परत उचलला. "मोहाच्या झाडाखाली बसोलं हाय त्याले. अंजू भाकर दूर ठेवते अन् मांगं सरकते. सवताच्या नवऱ्यापासून."

जब्बारने कमान भिंतीला टांगली.

जब्बारबरोबर मी तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंनी कपाशी अशी उभी की वाट विहिरीच्या तळासारखी वाटत होती. पाखरू नाही, भुंगा नाही. त्या वर्षी कीड मरत नव्हती, आवाज मात्र सगळे मेले होते.

लखन मोहाखाली बसला होता. पाय पोटाशी, चष्मा डोळ्यांवर. समोर पितळी, पितळीत भाकर, भाकरीवर मुंग्या.

"कोन?" त्याने विचारलं.

"मी जब्बार."

"हात दे, भाऊ." जब्बारने हात दिला. लखनने तो दाबून पाहिला, नख लावून पाहिलं. "तुले लागलं का?"

"लागलं ना बे."

"मंग मी हाव." त्याने हात सोडला नाही. "सकाळी मी याडीले, मायले हाक मारली. ती इकडं यायले निंघाली, बायांनी तिले धरून ठेवलं. कोनीच ओ देत नाई. चार दिवस कोनी ओ देली नाई तं मानसाले वाटते, भाऊ, पेपरवाल्याचंच खरं असंल."

जब्बार पितळीतल्या भाकरीवरच्या मुंग्या झटकू लागला.

"पन एक जन येते," लखन म्हणाला.

"कोन?"

"जमीर. उमरखेडकडचा. दवाखान्यात माह्या बाजूले होता ना, कोपऱ्यात, अंधारात. मले खिडकीचा उजेड सोसत नोता, डोये फुटल्यासारखे व्हत. मी कन्हत होतो रातभर. तं सकाळी तो म्हने, माही खाट घे, मले तसंही काही दिसत नाई, मले उजेड काय अन् अंधार काय. नर्सबाई नाई म्हनत होती. त्यानंच हट्ट केला. त्याच दुपारी गेला." लखनने मान वळवली, आमच्याकडे नाही, आमच्या मागे. "आता दुपारी इथं येऊन बसते. म्हंते, लखनभाऊ, तुहं मरण तुह्याकडं ठेव, पन माही बातमी तुह्या नावानं गेली ना, ते मले वापस दे."

मी थापाड्या माणूस. भुतं मी उभ्या आयुष्यात घाऊक भावाने विकली आहेत. पण आमच्या मागे, कपाशीत, त्या बिनवाऱ्याच्या संध्याकाळी एक झाड हललं, आणि मी मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला. संपादकाचं टेबल कागदांनी भरलेलं, माणूस घाईत.

"चूक झाली साहेब. लखन जित्ता आहे. दोन ओळी छापा."

"जब्बारभाई, माणूस जिवंत आहे ही काय बातमी झाली? अख्खा जिल्हा जिवंत आहे. कोणाकोणाची छापू?"

"आपण मेला म्हणून छापलं ना."

"तेव्हा ती बातमी होती. आता चुकलो म्हणून छापलं तर उद्या दाराशी रांग लागेल."

"अन् जमीर? तो तं खरंच गेला. त्याची आलीच नाई."

"आठवडा झाला. शिळी झाली." तो फोन उचलता उचलता म्हणाला, "वाचकांचं पत्र वगैरे असेल तर पाहू. झणझणीत पाहिजे मात्र. पेपरला शिव्या असल्या की लोक आवडीने वाचतात."

परतीच्या एसटीत जब्बार खिडकीबाहेर पाहत होता. घाटंजी जवळ आल्यावर म्हणाला, "काका, त्या दाढीवाल्यानं नाव न टाकता सवताची तारीफ छापली ना?"

"सदाशिवराव तरी तसंच म्हणाले."

"मंग नाव न टाकता सवताले शिव्या छापाले काय हरकत आहे?"

त्याने त्या दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली आणि लिहायला बसला. मी शिव्या सुचवत होतो. माझ्याकडे साठा मोठा आहे. त्याने एकही घेतली नाही. स्वतःच्याच शोधून काढल्या, आणि त्या माझ्यापेक्षा लागणाऱ्या होत्या. पाकीट त्याने यवतमाळला जाणाऱ्या एका अनोळखी बाईच्या हातात दिलं. कंडक्टरला त्याचं अक्षर माहीत होतं.

चौथ्या दिवशी पत्र छापून आलं. जब्बारने पेपर घडी करून खिशात घातला आणि आम्ही तांड्याची वाट धरली.

देवसिंगने माणसं गोळा केली. शाळेचा मास्तर नेमका रजेवर. पत्र हातात घेऊन नायक म्हणाला, "वाचन कोन? ज्यानं मारलं त्यानंच वाचावं. ज्या तोंडानं म्हनलं त्याच तोंडानं."

मोहाच्या झाडाखालून लखनला जवळ आणून बसवलं. मधे दहा पावलांची मोकळी जागा सोडली होती, जणू तिथून विस्तव वाहत होता. मानीबाई उंबऱ्यात. अंजू तिच्या मागे, रिकाम्या मनगटांवर पदर ओढून.

जब्बारने वाचायला सुरुवात केली.

"संपादक महाशयांस. आपल्या घाटंजीच्या वार्ताहराने लखन रूपसिंग या जिवंत तरुणास मृत ठरविले. सदर वार्ताहराने खाट पाहिली, माणूस पाहिला नाही. माणूस मरण्याआधी ज्याची बातमी लिहून तयार असते, त्यास वार्ताहर म्हणावे की गिधाड, हे वाचकांनीच ठरवावे."

"गिधाडच," देवसिंग म्हणाला. माणसं हसली. एक पोरगं टाळ्या वाजवू लागलं.

जब्बारने मान हलवली आणि पुढे वाचलं. "लखन हा जिवंत आहे. तो बोलतो, हाक मारतो, त्यास भूक लागते. त्याच्या बायकोच्या बांगड्या आपल्या पेपरने फोडल्या, त्या हा वार्ताहर भरून देऊ शकणार नाही. अशा माणसाच्या हाती पेन देण्यापेक्षा त्याने आपला कापूस पिंजावा, हे बरे."

पुन्हा हशा. "लय बेस लिवलं," कोणी म्हणालं. "चांगल्या चपला मारल्या त्याले."

मी जब्बारच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मला छापलेलं सगळं दिसत होतं. पत्र तिथे संपलं होतं. खाली 'एक वाचक', आणि त्याखाली एका कोचिंग क्लासची जाहिरात. मूळ पत्रात पुढे जमीरबद्दल जे होतं ते संपादकाने कापलं होतं.

जब्बार वाचतच राहिला. डोळे कागदावर, बोट कोचिंग क्लासच्या जाहिरातीवर.

"त्या दिवशी जे वारले त्यांचे नाव जमीर, राहणार उमरखेडजवळ. त्यांच्या शेजारच्यास उजेड सोसत नव्हता, म्हणून त्यांनी आपली अंधारातली खाट त्यास दिली आणि स्वतः खिडकीजवळ गेले. त्यांची बातमी आपल्या पेपरात आली नाही. ती आज येत आहे. आपला, एक वाचक."

कोणी हसलं नाही. लखनने चष्म्याखालून गालावर हात फिरवला. मग त्याने मान मागे वळवली, त्याच बाजूला, कपाशीकडे, आणि दोन्ही हात जोडले.

मी उभ्या आयुष्यात पोटभर थापा मारल्या, पण छापलेल्या कागदावरून न छापलेलं इतकं सरळ वाचताना दुसरं कोणी पाहिलं नाही.

देवसिंग उठला. त्याने पेपर हातात घेतला, उलटा धरला, बराच वेळ पाहिला. "पेपर म्हंते जित्ता हाय," म्हणाला, आणि बाजूला झाला.

मानीबाई तांब्या घेऊन ती मधली जागा ओलांडून आली. लखनच्या पायावर पाणी घातलं. मग त्याला काही विचारलं नाही, हाताला धरलं आणि लहान पोराला नेतात तसं आत घेऊन गेली. अंजू उंबऱ्यापाशीच उभी होती. तो जवळून गेला तेव्हा तिने त्याच्या सदऱ्याची कोर पकडली. मागे सरकली नाही.

थोड्या वेळाने मानीबाई बाहेर आली. हातात दोन भाकरी, वर मिरचीचा ठेचा. जब्बारच्या समोर उभी राहिली.

"कोन हाय हा वाचक?"

"असंल कोनी, माय. नाव नाई टाकलं त्यानं."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग दोन्ही भाकरी त्याच्या हातावर ठेवल्या. "एक तुही. अन् वाचक भेटला तं दुसरी त्याले देजो. म्हनाव, गरम हाय तंवर खाय."

एसटीत जब्बारने दोन्ही भाकरी खाल्ल्या. मला घासही दिला नाही. मी मागितलाही नाही.

पंधरा दिवसांनी पेपराकडून निरोप आला, ओळखपत्र परत पाठवा. अक्षर ओळखलं होतं की पत्रातला सल्ला पटला होता, ते कळलं नाही. जब्बारने ते पाकिटात घातलं आणि कंडक्टरच्या हातात दिलं, नेहमीसारखं.

मग तो एकटाच उमरखेडला गेला. जमीरच्या आईचं नाव हुस्नाबी. काय बोलणं झालं ते मी खूप खोदून विचारलं. त्याने एवढंच सांगितलं, "म्हातारीले एकच गोष्ट विचारायची होती, काका. त्या खिडकीतून वारा येत होता का. मी म्हनलं, येत होता."

"येत होता का पण?"

जब्बारने कमान उचलली आणि तातीवर ठोका दिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात गेलो आणि माझ्या ढिगावर बसणार, तोच जब्बार म्हणाला, "काका, तिथं नका बसू."

"काहून? अमेरिकेचा सोल्जर आला की काय?"

तो हसला नाही. कापूस पिंजत राहिला. मी वाकून पाहिलं. ढिगाच्या मधोमध खळगा पडला होता, माणूस बसून उठल्यावर पडतो तसा. माझ्यापेक्षा बारीक अंगाचा कोणी असावा. जब्बार सकाळपासून सगळा कापूस उलटापालटा करत होता, पण तेवढ्या जागेला त्याने हात लावला नव्हता.

आता मी काय आहे ते घाटंजीत सगळ्यांना माहीत आहे. कोंबड्यांची गोष्ट थाप होती, म्हशीची गोष्ट थाप होती. पण मी त्या खळग्यात हात घातला, आणि कापूस गरम होता.

मी हात काढून घेतला, आणि पोतं अंथरून खाली जमिनीवर बसलो.